डावा पिवळा, उजवा पांढरा

रंगमास्तरांना कुणी विचारलं, की पांढरा रंग म्हणजे नक्की कोणता, तर ते आधी विचारणाऱ्याकडे दयेने बघत आणि मग म्हणत, "बसायला वेळ आहे का?" ज्याला वेळ असे त्याचा पुढचा पाऊण तास गेलाच म्हणून समजा.

ठोकरलेल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या गॅरेजात मास्तर तीस वर्षं रंग जुळवत होते. चेपलेलं दार ठोकून सरळ करायचं काम दुसऱ्यांचं. त्या दाराला उरलेल्या गाडीशी मिळता रंग तयार करायचा, हे काम मास्तरांचं. नव्या गाडीच्या रंगाचं माप पुस्तकात सापडतं. दहा उन्हाळे खाल्लेल्या गाडीचा रंग मात्र कुठल्याच पुस्तकात नसतो. तो डोळ्यांनी बघायचा, काडीच्या टोकावरून थेंबभर पिवळा, थेंबभर काळा पांढऱ्यात सोडायचा, ढवळायचा, पत्र्याच्या पट्टीवर लावून बघायचा, मान हलवायची आणि पुन्हा एक थेंब सोडायचा. हे चाललेलं असताना कुणी शेजारी शिंकलं तरी मास्तरांना खपत नसे.

गॅरेजात एक रिवाज होता. रंगवलेली गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी ती उन्हात उभी करायची आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. गाड्यांच्या वायरी, दिवे, बॅटऱ्या बघणाऱ्या या गृहस्थांना सगळे फ्यूज म्हणत, कारण त्यांचं डोकं केव्हा उडेल याचा नेम नसे. कुठे काम झालंय ते फ्यूजला आधी कळू द्यायचं नाही; त्याने दहा पावलांवरून गाडीभोवती एक चक्कर मारायची आणि रंगवलेला भाग कोणता, ते एकदाच बोट दाखवून सांगायचं. बोट चुकलं, की गाडी पास. अकरा वर्षं फ्यूजचं बोट चुकत आलं होतं, आणि दर वेळी मास्तर काही विशेष घडलंच नाही अशा चेहऱ्याने हात पुसत आत जात. तो चेहरा करायला त्यांना किती कष्ट पडत ते त्यांच्या बायकोलाच ठाऊक.

मागच्या आठवड्यात फ्यूजने चक्कर पुरी होण्याआधीच बोट दाखवलं. डावीकडचं मागचं दार. बरोबर होतं.

"बोलाफुलाला गाठ पडली, मास्तर," फ्यूज म्हणाला. बाकीचे हसले, फ्यूज स्वतः हसला नाही. मालकांनी दार पुन्हा रंगवायला सांगितलं आणि दुसऱ्या विषयावर बोलायला लागले. रंगाचा डबाच जुना होता, असं मास्तरांनी चारचौघांत जाहीर केलं. ते त्यांना स्वतःलाही जवळजवळ पटलं.

इतकं झाल्यावर शहाण्या माणसाने चार दिवस गप्प बसावं. पण गप्प बसणं मास्तरांच्या पत्रिकेतच नव्हतं.

झालं असं, की एका संध्याकाळी त्यांची लेक घरची गाडी घेऊन कामावरून परतली आणि किल्ली टेबलावर टाकत म्हणाली, "बाबा, गाडीचा उजवा दिवा गेलाय. समोरून येणारे मला मोटारसायकल समजून अंगावर येतायत." लेक सव्वीस वर्षांची, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला, पण घरात अजून चिमणीच. "उद्या फ्यूजकाकांकडे सोडू का?"

"बल्ब बदलायला फ्यूज? नखाने तुटतं तिथे कुऱ्हाड कशाला? मी आहे ना!"

दुसऱ्या दिवशी फ्यूज जागेवर नसताना मास्तरांनी त्याच्या फळीवरून बल्ब उचलला. उचलला म्हणजे निवडला. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायचं नाही, आत काय आहे ते बघायचं, हे त्यांचं जुनं तत्त्व. त्या तत्त्वाला धरून त्यांनी पाच खोकी उघडली, पाच बल्ब खिडकीपाशी धरले, त्यातला एक पसंत केला आणि फ्यूजसाठी चिठ्ठी ठेवली: 'एक बल्ब नेला आहे.'

संध्याकाळी घराच्या आवारात बोनेट उघडून ते कामाला लागले. मागचा प्लग ओढून काढला, रबराचं बूच सोलल्यासारखं उचकटलं, तारेचा चाप दाबून बाजूला केला आणि जळका बल्ब बाहेर काढला. नवा बल्ब स्वच्छ फडक्यात धरून बसवला, कारण काचेला बोटांचं तेल लागलं तर ती तापल्यावर तडकते, हे त्यांनी खिडकीत उभ्या असलेल्या चिमणीला दोनदा सांगितलं. चाप काही केल्या बसेना. हात आत जाईना, आणि गेला तो निघेना. शेवटी खट्‌ आवाज झाला. मास्तरांनी गाडीत बसून दिवे लावले. समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर दोन गोल उमटले.

"बघ! जुळी भावंडं!"

चिमणी बाहेर आली, भिंतीकडे बघितलं आणि खो खो हसायला लागली. "बाबा, जुळी कसली! एक अंड्यातला बलक आणि एक पांढरा. डावा पिवळा, उजवा पांढरा. तुम्हीच लावलेत ना हे?"

"कुठे? सारखे तर आहेत."

"चेष्टा करताय?"

मास्तर चेष्टा करत नव्हते. त्यांनी डोळे बारीक केले, मोठे केले, दोन पावलं मागे गेले, दोन पुढे आले. भिंतीवर दोन गोल होते, सारखेच उबदार, सारखेच पिवळसर.

"अगं, जरा बाहेर ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "हिला सांग. हे दोन दिवे सारखे आहेत की नाहीत?"

बायको वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करते; उगाच शब्द खर्च करायची तिला सवय नाही. ती हात पुसत पायरीवर आली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाली, "सारखेच तर आहेत."

"आई!"

"दिवसभर त्या यंत्रात डोळे घालून बसतेस, तुझ्याच डोळ्यांना विश्रांती हवी आहे. चला, जेवण निवतंय." आणि तिने चिमणीला दंडाला धरून जवळजवळ ओढतच आत नेलं.

दोघं एकीकडे, एकटी चिमणी दुसरीकडे. हिशेबाने मास्तरांनी निर्धास्त व्हायला हवं होतं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. ते मागचं दार आठवलं. फ्यूजचं न हसणं आठवलं. आणि जेवताना, घास हातात तसाच धरून, त्यांना वस्ताद आठवले.

वस्ताद म्हणजे ज्यांनी त्यांना रंग शिकवला ते. त्यांचा डोळा शेवटची दोन वर्षं गेला होता आणि ते त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. वस्ताद तासभर खपून रंग जुळवत, पट्टी वर धरत, आणि सगळे म्हणत, "वा, वस्ताद!" वस्ताद जेवायला गेले, की तो रंग ओतून दिला जाई आणि शिकाऊ मंडळी भरभर नवा करत. वस्ताद परत आले, की पुन्हा सगळ्यांच्या तोंडावर ते ठरावीक हसू. मास्तर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि ते हसू त्यांना सगळ्यांत छान जमत असे. वस्तादांच्या निरोपसमारंभात त्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. त्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की आपली वेळ येईल तेव्हा आपण स्वतः होऊन सांगायचं. नोकरी गेली तर गेली. पण आपल्या तोंडावर कुणी तसं हसता कामा नये.

आणि वेळ तर दारात उभी होती. गॅरेजात एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंची वीस वर्षं जुनी गाडी आली होती. रंग साईसारखा, पुढचं उजवं मडगार्ड नवं बसवलेलं, कोरं. त्या रंगाचं माप जगात कुठेच नव्हतं, ते मास्तरांच्या डोळ्यातूनच निघायचं होतं. उद्या सकाळी सुरुवात करायची होती. डोळा गेला असेल तर काडीला हात लावण्याआधी मालकांना सांगायला हवं होतं, म्हणजे उद्या सकाळीच.

"भाजीत मीठ कमी आहे का?" बायकोने विचारलं.

"नाही. सगळं बरोबर आहे."

सकाळी चिमणीची सुट्टी होती, म्हणून मास्तर घरची गाडी घेऊनच कामावर गेले. मालक यायला अजून अर्धा तास होता. त्यांनी गाडी थेट रंग मारायच्या बंद खोलीत घातली, जिथे भिंती पांढऱ्या आणि दारं लावली की मिट्ट काळोख. मग गाडीचे दिवे लावून फ्यूजला हाताला धरून आत आणलं आणि दार लोटलं.

"काय मास्तर, खून करायचाय का?"

"दिव्यांकडे बघ. आणि खरं सांग. दोन्ही सारखे आहेत का?"

फ्यूजने पाहिलं आणि त्याचं डोकं नेहमीप्रमाणे उडालं. "सारखे? डावा पिवळा आहे, उजवा पांढराफटक! तो निळ्या काचेचा बल्ब तुम्ही नेलात होय? मी कालपासून फळी धुंडाळतोय. खोक्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, मास्तर! अहो, हे तर आंधळ्यालासुद्धा..." पुढचा शब्द त्याने गिळला, कारण मास्तरांचा चेहरा त्याला दिसला होता.

मास्तरांना बल्बचं काहीच वाटलं नाही. त्यांच्या मनात पहिली आली ती बायको. म्हणजे तिला काल दिसलं होतं. भिंतीकडे बघून, आपल्याकडे बघून, तिने तोंडावर खोटं सांगितलं होतं. ज्या हसण्याची तीस वर्षं धास्ती घेतली, ते बाहेर कुठे सुरू व्हायच्या आधी आपल्या घरातच सुरू झालं होतं. ते एका उपड्या डब्यावर बसले.

"फ्यूज, माझा डोळा गेला रे. मला दोन्ही सारखेच दिसतात."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, बाहीने डोळे पुसले आणि फ्यूजच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून समोर भिंतीकडे बघितलं.

चष्म्याशिवाय त्यांना सगळं फुगलेलं, पसरलेलं दिसे. भिंतीवरचे गोलही ओल्या कागदावर सांडल्यासारखे दिसत होते. पण डावा सांडलेला गोल पिवळा होता. आणि उजवा पांढरा.

मास्तरांनी चष्मा लावला. दोन्ही सारखे. काढला. डावा पिवळा, उजवा पांढरा. लावला. सारखे. काढला.

"मास्तर, पाणी आणू का?" फ्यूज घाबरून म्हणाला.

"गप्प बस. हा घाल."

फ्यूजने चष्मा नाकावर चढवला. "अरे! हे काय? आत्ता तर सकाळ आहे आणि मला संध्याकाळ झाल्यासारखं दिसतंय. सगळं पिवळट... आणि दिवे..." तो थांबला. "दिवे जवळजवळ सारखेच दिसतायत की!"

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं. दोन महिन्यांपूर्वी बायकोने मागे लागून मास्तरांना नवा चष्मा घ्यायला लावला होता. दुकानात त्यांनी एक तास घालवला, पण तो कशात? तर चौकटीच्या रंगात. दुकानदार ज्याला नुसतं तपकिरी म्हणत होता, त्यात चार वेगळे तपकिरी आहेत हे त्याला पटवण्यात. शेवटी तो कंटाळून म्हणाला, की काचांवर डोळ्यांना थंड वाटेल असा लेप फुकट देतो. फुकटचं ते पौष्टिक! मास्तरांनी मान डोलावली. पहिल्या दिवशी जग जरा उन्हं कलल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी डोळा त्याला सरावला आणि ते विसरून गेले. तेव्हापासून उठल्यापासून निजेपर्यंत तो चष्मा नाकावरून उतरला नव्हता. रंग बघायच्या आधी उजेड तपासा, असं तीस वर्षं दुसऱ्यांना बजावणाऱ्या माणसाने स्वतःच्या नाकावर पिवळा पडदा टांगून घेतला होता, आणि दोष आधी डब्याला दिला, मग डोळ्याला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुन्हा भरले, ते पुसायचीही त्यांना शुद्ध राहिली नाही. त्यांनी फ्यूजला मिठी मारली, त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि पुन्हा एकदा चष्म्याशिवाय भिंतीकडे बघून घेतलं.

"चुकीचा बल्ब लावला म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतोय," फ्यूज म्हणाला. "आणा इकडे, दोन मिनिटांत साधा बसवून देतो."

"खबरदार हात लावशील तर! साधा बल्ब माझ्या खिशात दे. हा मला असाच घरी न्यायचाय."

पण आनंद वेगळा आणि खात्री वेगळी. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मास्तरांना कामातून पुरावा हवा होता. त्यांनी खणातून जुना चष्मा शोधून काढला. त्याची एक काडी तारेने बांधलेली होती आणि काचांवर रंगाचे बारीक शिंतोडे होते. तो लावून ते डॉक्टरीणबाईंच्या गाडीपुढे उभे राहिले. दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. पहिली पट्टी त्यांनी स्वतःच नापास केली. दुसरी जास्त तांबूस झाली. तिसरीच्या वेळी पिवळ्याचा एक थेंब काडीच्या टोकाला लोंबकळत असताना त्यांनी हात मागे घेतला, कारण तो थेंब जास्त झाला असता. हे त्यांना दिसलं. आधी दिसलं आणि मग कळलं, नेहमी जसं होई तसंच. त्यांना एकदम फार बरं वाटलं.

मडगार्ड रंगवून, तापवून, सुकवून झालं तेव्हा उन्हं उतरायला थोडा वेळ होता. गाडी बाहेर ढकलली. मालकही येऊन उभे राहिले. फ्यूजने एक चक्कर मारली, थांबला, कपाळाला आठ्या घातल्या, आणखी एक चक्कर मारली.

"दुसरी चक्कर नियमात नाही," मालक म्हणाले.

फ्यूजने बोट दाखवलं. डावं मडगार्ड.

"उजवं," मास्तर म्हणाले. पण नेहमीसारखे हात पुसत आत गेले नाहीत. ते फ्यूजजवळ गेले आणि हळूच विचारलं, "मुद्दाम तर चुकला नाहीस ना? माझी कीव करून?"

फ्यूजचं डोकं उडालं. "कीव करायची असती तर मागच्या आठवड्यात केली नसती? ते दार दाखवणं माझ्या जिवावर आलं होतं, मास्तर. तरी दाखवलं ना? मग?"

मास्तरांनी त्याचा खांदा दाबला आणि मालकांना सगळं सांगून टाकलं, चष्म्यासकट. नशिबाने त्या दोन महिन्यांत बहुतेक गाड्या नव्या, पुस्तकातल्या मापाच्या आल्या होत्या. डोळ्याने जुळवलेलं ते एक दारच होतं. "म्हणजे चूक चष्म्याची," मालक म्हणाले. "चष्मा माझाच होता," मास्तर म्हणाले, आणि मालक हसले, ते साधंच हसू होतं.

संध्याकाळी मास्तर घरी पोचले ते शीळ घालतच. दार ढकलून आत पाऊल टाकलं आणि शीळ तोंडातच राहिली.

बैठकीच्या भिंतीवर एक ठिगळ होतं. दीड महिन्यापूर्वी आतला नळ गळून तिथे ओल आली होती, आणि मास्तरांनी सुट्टीच्या दिवशी ती जागा घासून, स्वतः रंग जुळवून रंगवली होती. "कुठे ओल होती तेसुद्धा कळत नाही हो," असं बायको तेव्हा म्हणाली होती. आता जुन्या चष्म्यातून ते ठिगळ कपाळावर लावलेल्या औषधाच्या पट्टीसारखं दारातूनच दिसत होतं. आणि त्याच्यापुढे, अर्धंमुर्धं झाकेल असं, कोट टांगायचं लाकडी स्टँड उभं होतं. ते दाराजवळून तिथे का गेलं, हे मास्तरांनी कधी विचारलंच नव्हतं.

दीड महिना! म्हणजे दीड महिना तिला ठाऊक होतं. मास्तरांनी रागवायचा प्रयत्न करून पाहिला. तीस वर्षं जपून ठेवलेला राग होता तो, पण जमेना. रोज सकाळी ते स्टँड थोडं आणखी डावीकडे सरकवणारी बायको डोळ्यांपुढे आली, आणि रागाला उभं राहायला जागाच उरली नाही.

"अगं, जरा बाहेर येतेस?"

तोवर बाहेर अंधारून आलं होतं. मास्तरांनी गाडीचे दिवे लावले. बायको पायरीवर येऊन उभी राहिली. "हा जुना चष्मा कुठून काढलात?"

"नवा गॅरेजातच राहिला. ते सोड. भिंतीकडे बघ आणि खरं सांग. दिवे सारखे आहेत का?"

तिने भिंतीकडे पाहिलं. मग कालच्यासारखंच त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. आज मास्तरही तिच्याकडेच बघत होते, आणि ज्याला ते हसू समजत होते तिथे त्यांना हसू दिसलंच नाही. तिथे भीती होती. वस्तादांसमोर पट्टीकडे बघून "वा!" म्हणताना आपल्यालाही अशीच भीती वाटत असे, हे त्यांना इतक्या वर्षांनी आठवलं. त्या माणसाला दुखवायचा धीर कुणालाच झाला नव्हता, एवढीच ती गोष्ट होती.

"सारखेच आहेत हो," बायको म्हणाली. "कितीदा विचाराल?"

"खोटं बोलतेस. डावा पिवळा आहे, उजवा पांढरा."

ती दचकली. "फ्यूजभावजींनी सांगितलं वाटतं?"

"त्याला काय कळतंय! पांढरा म्हणजे तरी कसला पांढरा? निळ्याकडे झुकलेला. कडेला तर जांभळी झाक आहे, ती बघ, विटेच्या सांध्यापाशी. डावा नुसता पिवळा नाही, त्यात तांबडं आहे, जुना झालाय तो. आणि बैठकीतलं ते ठिगळ आपल्या भिंतीपेक्षा दीड थेंबाने जास्त निळं आहे. दीड! दोन नाही. ते स्टँड काढ आता तिथून, येता-जाता ठेच लागते मला."

बायकोने तोंडावर हात धरला. मग ती होती तिथेच पायरीवर मटकन बसली आणि रडायला लागली. मास्तर घाबरले. तिच्याशेजारी बसून त्यांनी घाईघाईने सगळं सांगितलं: रंगाची खोली, फ्यूज, चष्मा, लेप, मडगार्ड. तिने मध्येच त्यांच्या दंडावर जोरात चापट मारली.

"तो चष्मा मीच घ्यायला लावला होता हो!"

"लेप मी घेतला, फुकट होता म्हणून."

"दीड महिना," ती म्हणाली. शब्द मोजून वापरणारी ती, आता थांबेचना. "दीड महिना रोज वाचनालयात डोळ्यांच्या आजारांची पुस्तकं काढून वाचतेय मी. मेंदूपासूनचं काय काय लिहिलंय त्यात! तुम्हाला सांगितलं तर तुम्ही त्याच दिवशी काम सोडून घरी येऊन बसाल, आणि मग तुमचं काय होईल, ते मला बघवणार नाही. म्हणून नाही सांगितलं. रोज ठरवायची आज सांगते, आणि रोज तुम्ही त्या भिंतीकडे बघून एवढे खूश व्हायचात..."

"मला वाटलं, तू मला हसतेस."

"हसते? मी?" तिने डोळे पुसले. "मला दीड महिन्यात धड झोप नाही लागली."

त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. तो गार होता. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून साधा बल्ब काढला आणि बोनेट उघडायला उठले.

बायकोने त्यांच्या बाहीला धरलं. "राहू द्या ना. आजच्या दिवस राहू द्या."

"अगं, हे असं घेऊन चिमणी उद्या कामावर कशी जाईल?"

"सकाळी बदला. बसा इथे."

ते बसले. खिडकीतून चिमणी ओरडली, "आई, बाबा, बॅटरी उतरेल! आणि तो बल्ब बदला आधी, काय ध्यान दिसतंय ते!" समोर भिंतीवर दोन गोल होते, एक पिवळा, एक पांढरा, एकमेकांशी अजिबात न पटणारे.

"शी! किती घाणेरडे दिसतात हो," बायको म्हणाली, आणि मास्तरांच्या खांद्याला टेकून त्या दोन गोलांकडे बघत राहिली.